दोन दाते खाली

बूझियानने बेनयूनुसची दोन बोटं मोडली ती बेनयूनुसच्याच गॅरेजातल्या व्हाइसच्या लोखंडी जबड्यात, दुसऱ्या हातात चहाचा पेला धरून. दांडा सावकाश फिरवला. पेल्यातला पुदिनासुद्धा हलला नाही.

"डावा हात घेतलाय हं, मालेम," तो म्हणाला. उस्ताद कारागिराला गावात मालेमच म्हणत. "उजव्याने हातोडा मारायचाय तुला. जीव आहे माझा तुझ्यावर, म्हणून डावा."

भांडण एका गाडीवरून होतं. बूझियानची लाल रेनो एकवीस टर्बो, वीस वर्षांची म्हातारी, पण सरळ रस्त्यावर सरहद्दीच्या शिपायांना धूळ चारणारी. सरहद्दीपलीकडून अल्जेरियाचं स्वस्त पेट्रोल चोरून आणणाऱ्या असल्या गाड्यांना गावात 'लढाऊ' म्हणत. तिचं मागचं अंग मजबूत करून द्यायला बेनयूनुसने नकार दिला होता, कारण शुक्रवारी ती चालवणार होता त्याचा एकुलता एक मुलगा, जवाद. आठवड्यापूर्वीच कोरड्या नदीच्या वळणावर लुटारूंनी खिळ्यांची साखळी टाकून बूझियानची दुसरी गाडी अडवली होती. तिचा चालक स्वतःच्याच मालात जळून मेला. त्यानंतर एकही जण चाक धरायला तयार नव्हता. बेनयूनुसचे चिरंजीव तेवढे पुढे सरसावले.

"बा, तू नाही केलंस तर कुठला तरी हजाम वेल्डिंग करेल," जवाद बापाच्या बोटांना चिंधी बांधत म्हणाला. सव्वीस वर्षांचा घोडा, पण गाठ धड मारता येईना. "मग मी मरेनच. तू केलंस तर वाचेन."

"नको जाऊस म्हणजे वाचशील. एवढी सोपी गोष्ट कळत नाही तुला, गाढवा?"

"सगळ्या गावाला हो म्हणालोय मी."

"गाव येणार आहे का तुझ्या जागी जळायला?"

जवाद हसला आणि बापाच्या डोक्याचा मुका घेऊन निघून गेला. बेनयूनुसला त्या क्षणी त्याला तुडवावंसं वाटलं आणि छातीशी धरावंसंही वाटलं.

पोर ऐकेना, तेव्हा शुक्रवारी सकाळी त्याने काम सुरू केलं. त्या गाडीच्या मागच्या चाकांना स्प्रिंगा नसतात. आडव्या पोलादी कांबी असतात, टोकांना दाते, आणि त्या पिळल्या जाऊन सगळा भार पेलतात. कांब उपटून एक दाता फिरवून परत ठोकली की गाडीची शेपटी तेवढी वर किंवा खाली. बेनयूनुस जाड कांबी बसवायचा, त्यांची बैठक पत्रे जोडून दुप्पट करायचा आणि शेपटी चढवून ठेवायचा. मग रिकामी गाडी चिडलेल्या मांजरीसारखी मागून वर दिसे आणि पेट्रोलचे पस्तीस डबे भरले की बरोबर सपाट. वीस वर्षांत सगळा मुलूख हे वाचायला शिकला होता. शेपटी वर म्हणजे रिकामी, सपाट म्हणजे भरलेली. शिपाई तेच पाहत आणि लुटारूही.

जुन्या कांबी गंजून चिकटल्या होत्या. त्याने उजव्या हाताने घाव घातले. प्रत्येक घावाला डाव्या हातातून कळ खांद्यापर्यंत जाई, आणि प्रत्येक घाव त्याने मनातल्या मनात बूझियानच्या तोंडावर घातला. दोन्ही कांबी सुटल्या तेव्हा घामाने आणि रागाने त्याला नीट दिसेना. तिथेच, गाडीखाली पडल्या पडल्या, त्याला ते सुचलं.

नव्या कांबी त्याने दोन दाते खाली बसवल्या.

पलीकडच्या शेतावर माल चढवायला लागले की शेपटी जमिनीला टेकणार. शिव्या देतील, डबे उतरवतील, पोराला रिकामं परत हाकलतील. बूझियान येऊन उरलेली बोटं मोडेल. मोडू दे. मालाशिवायची गाडी लुटून कोणाला काय मिळणार?

दुपारी बूझियान मशिदीत असताना जवाद गाडी न्यायला आला. मागे जाऊन त्याने डोळे बारीक केले. "बा, सपाट बसलीय. रिकामी असून?"

"जाड कांबी आहेत. भरलीस तरी अशीच राहील," बेनयूनुस म्हणाला. गाडीच्या मागच्या अंगाबद्दल तो आयुष्यात कोणाशी खोटं बोलला नव्हता, त्यामुळे जवादचा विश्वास बसला.

तासाभराने मेहुणा मिमून फोन हातात नाचवत आला. "दाजी, तुझ्या गाडीने नाक कापलं! सहा डब्यांत बूड टेकलं म्हणे. येतोय परत, हात हलवत."

बेनयूनुस खो खो हसला. चार दिवसांत पहिल्यांदा त्याला भूक लागली. बायकोने, यामनाने, घरून पाठवलेल्या कुसकुसचं ताट त्याने पुढे ओढलं आणि दोन घास घेतले. मग नदीच्या बाजूने पत्रा चिरडल्याचा आवाज आला, इतका लांबलचक की गाडी किती वेळा उलटली ते मोजता यावं.

ते मिमूनच्या पिकअपमधून पोहोचले तोवर सगळं उरकलं होतं. गाडी टपावर पडली होती, टायर खिळ्यांनी फाडलेले. जवादला लुटारूंनी बाहेर ओढलं होतं. उलटून मेला नव्हता तो. लोखंडी गजांनी मारला होता, तोंड ओळखू येणार नाही इतका. बेनयूनुसने त्याला ओळखलं ते पायांवरून.

बदामाच्या झाडाखाली एक म्हातारा मेंढपाळ थरथरत बसला होता. "मागचं दार उघडलं तर आत काहीच नाही," तो म्हणाला. "मग पिसाळले. एकजण मारताना ओरडत होता, भरल्यासारखी बसली होती, भरल्यासारखी बसली होती!"

बेनयूनुस खाली बसला. ज्या गोष्टीवर तो वीस वर्षं जगला, तीच तो विसरला होता: सपाट म्हणजे भरलेली.

तेवढ्यात बूझियानची जीप आली. मिमूनने पिकअपमधला चाकाचा पाना काढला होता. "तूच खाली करवलीस ना शेपटी?" तो किंचाळला. "पोराला आमिष म्हणून सोडलंस आणि भरलेली गाडी दुसऱ्या वाटेने काढलीस!"

"अल्लाची शपथ, मी हातसुद्धा लावला नाही!"

पहिला घाव बूझियानच्या खांद्यावर बसला, दुसरा मनगटावर. हाड मोडल्याचं सगळ्यांना ऐकू आलं. बेनयूनुसला एका शब्दात हे थांबवता आलं असतं. त्याने थांबवलं नाही. ते दोन घाव त्याने पडू दिले, आणि खोटं कशाला सांगा, त्याला बरं वाटलं. तिसऱ्यांदा पाना डोक्यावर उठला, तेव्हा तो मध्ये पडला.

"मी केली खाली. दोन दाते. तो परत यावा म्हणून."

मिमूनचा हात वरच राहिला. त्याने बूझियानकडे पाहिलं, मग बहिणीच्या नवऱ्याकडे. कोणाला मारावं ते त्याला कळेना. शेवटी तो उलट्या पडलेल्या गाडीवर तुटून पडला आणि काचा, दिवे, दारं, जे दिसेल ते फोडत सुटला. बूझियान मनगट पोटाशी धरून जीपकडे सरपटत गेला. त्याला कोणी अडवलं नाही.

यामना शेतातून धावत आली. पायांत चपला नव्हत्या. मुलाच्या तोंडावर तिने आपली ओढणी टाकली, कितीतरी वेळ तिच्यावर हात ठेवून बसली आणि मग नवऱ्याकडे वळली.

"कोणी मारलं माझ्या लेकराला?"

"मी."

 तिने त्याचं डोकं धरून छातीशी ओढलं आणि त्याच्या केसांतून हात फिरवू लागली. "असं नका हो बोलू," ती म्हणाली. "बाप आहात तुम्ही त्याचे. दुःखाने डोकं फिरलंय तुमचं."

तिच्या मिठीत तो रडला, थोडा वेळ, कारण खरं कळल्यावर ती मिठी राहणार नव्हती. मग त्याने स्वतःला सोडवून घेतलं आणि तिला पहिल्यापासून, सावकाश, नीट समजेल असं पुन्हा सांगायला सुरुवात केली.