मागच्या दाराचं गिऱ्हाईक

माईंच्या दुकानाला दोन दारं होती. पुढच्या दारावर पाटी होती आणि काचेआड केसांचे टोप मांडलेले असत; पण त्या दाराने येणारा बहुधा पत्ता विचारायला आलेला असे. खरं गिऱ्हाईक मागच्या गल्लीतून यायचं. कुणाचे केस आजारात गेलेले, कुणाचे नुसतेच गेलेले. दुकानाचा एक नेम माईंनी व्रतासारखा पाळला होता: रस्त्यात गिऱ्हाईक भेटलं तर ओळख दाखवायची नाही. नमस्कार नाही, हसू नाही. देवाने ओठ दिलेत ते मिटतातही, हे माणूस विसरतो, असं त्या म्हणत.

म्हणून शाळेत शिकवणाऱ्या बाईंचा, एका जुन्या गिऱ्हाइकाचा, फोन आला तेव्हा माईंनी आधी पुढचं दार लोटून घेतलं.

"बँकेच्या रांगेत एका गृहस्थांनी मला गाठलं," बाई सांगत होत्या. "म्हणाले, तुमचा टोप अगदी खरा वाटतो हो. मागे माझ्या वर्गातल्या मुलांचे आईबाप उभे. त्यांना कोणी सांगितलं, माई?"

"दिसायला कसे होते?"

"उंच. लांब मानेचे. नव्या टोपाचं माप द्यायला मी आता येणार नाही, तेवढं सांगायला फोन केला."

माईंचा धाकटा भाऊ, ज्याला सगळे मामा म्हणत, खिडकीशी जाळीवर एकेक केस गाठत बसला होता. गिऱ्हाइकांच्या मापाच्या लाकडी ठोकळ्यांना तो पाखरांची नावं द्यायचा. लांब मान ऐकून त्याने सुई थांबवली.

"आपला सारस," तो म्हणाला. "तेही आपलंच गिऱ्हाईक की, ताई."

आता संशयाची गंमत अशी, की त्याला हजार डोळे असतात, पण सगळे समोरच. मामाचं तोंड चोवीस तास मिटलेलं. तो आपल्या सुईशीसुद्धा बोलत नसे. उरली सून. मुलगा परगावी नोकरीला होता आणि दुकानाची वेबसाइट सून सांभाळत होती. त्या साइटवर प्रत्येक गिऱ्हाइकाचं आपापल्या पासवर्डचं पान होतं: डोक्याचं माप, केसांचा रंग, टोपाआधीचा आणि टोपानंतरचा फोटो. आणि गेल्याच आठवड्यात सारसाशी फोनवर बोलताना ती हसल्याचं माईंनी ऐकलं होतं. एकदा नाही, दोनदा.

"काय हसण्यासारखं होतं?" माईंनी विचारलं.

"टोपाची चिकटपट्टी उशीला चिकटली होती म्हणे त्यांच्या. उशीला केस फुटले म्हणाले."

"आणि मग शाळेतल्या बाईंचं निघालं असेल."

सुनेने हातातला कंगवा खाली ठेवला. "माई, मी असं करीन?"

"मी कुठे काही म्हणाले? केसानं गळा कापला कुणीतरी, एवढं मात्र खरं."

दुपारी माईंनी साइटचा मुख्य पासवर्ड बदलला. त्या मालकीणबाई, त्यांना ते येत होतं. नवा पासवर्ड त्यांनी कुठे लिहिला नाही, कुणाला सांगितला नाही. संध्याकाळी सून कामाला बसली तर आत जाता येईना.

"कुलूप बदललंत," ती म्हणाली.

"बदललं."

"बदला. पण मला आत्ता आत जायला हवं. हे कुणाच्या तोंडून गेलेलं नाही, साइटवरून गेलंय असं मला वाटतं. निदान सापडेपर्यंत साइट बंद तरी करू."

"बंद करायची घाई कशाला?" माई म्हणाल्या. बंद करताना काय काय पुसलं जाईल कोण जाणे, हे त्या मनात म्हणाल्या. पण चेहऱ्यावर ते वाचता येत होतं, आणि सुनेने वाचलं.

दोन दिवस असेच गेले. सुनेचा फोन वाजला की माई केस विंचरायच्या थांबत. ती मागच्या गल्लीत गेली की माईंना मागच्या खिडकीतला ठोकळा सरळ करायची आठवण येई. शेवटी मामाच म्हणाला, "चोर सोडून संन्याशाला फाशी देतेयस, ताई."

"मग चोर दाखव."

उत्तर सुनेने दिलं. "माई, मला पासवर्ड देऊ नका. तुम्हीच बघा. मालकीण म्हणून नका जाऊ. चाचणीसाठी आपण गिऱ्हाईक म्हणून तुमचं एक पान केलंय ना, ते तुमच्या फोनवर उघडा. मी लांब उभी राहते."

ती खरंच हात मागे बांधून दाराशी जाऊन उभी राहिली. माईंनी चष्मा पुसला, पासवर्ड घातला. पान उघडलं. तिथे माईंचं माप नव्हतं. डोक्यावर एकही केस नसलेली एक मुलगी त्यांच्याकडे बघत होती. लग्न ठरलेली मुलगी. कालच मागच्या दाराने आली होती, माईंनीच तिचं पान केलं होतं, आणि जाताना ती "घरात फक्त आईला माहीत आहे," म्हणाली होती.

माईंनी फोन पालथा ठेवला. मग तो सुनेपुढे केला आणि नवा पासवर्ड सांगितला.

सुनेने आधी साइट बंद केली, शोध नंतर. थोड्या वेळाने तिने मान वर केली. "इथे साइटचा वेग वाढवणारं काहीतरी बसवलंय. एकदा तयार झालेलं पान ते जपून ठेवतं आणि पुढच्याला तेच देतं. दुकानाच्या पहिल्या पानाला ते चालेल. इथे ते खासगी पानांनाही लागू आहे. हे मी बसवलेलं नाही."

"म्हणजे ठोकळ्यावर तयार आहे म्हणून एकीचा टोप दुसरीच्या डोक्यावर," मामा म्हणाला. मग सुई जाळीत टोचून तो स्वतःशीच बोलल्यासारखा म्हणाला, "ही माहेरी गेली होती तेव्हाचं असेल. ताई, तूच म्हणालीस, एक बटण दाबलं आणि साइट हरणासारखी पळायला लागली."

माईंना ते बटण आठवलं. हिरवं होतं. त्यांना तेव्हा फार अभिमान वाटला होता.

"मी दोन दिवसांपूर्वी तुला आत जाऊ दिलं असतं," त्या सावकाश म्हणाल्या, "तर त्या मुलीचं पान कुणाला दिसलं नसतं."

सून नाही म्हणाली नाही. "आता तिघांच्या किल्ल्या वेगळ्या करू," ती म्हणाली. "नवं काही बसवायचं तर आधी बाजूला चाचणी. आणि सगळ्यांना फोन करायचे. त्या मुलीला पहिला."

"सगळ्यांना? दुकानाची अब्रू जाईल."

"अब्रू त्यांचीही होती, माई."

फोन माईंनी केले. सारस बिचारे चपापलेच. आपल्या पानावर बाईंचे फोटो दिसले ते दुकानाने नमुना म्हणून दाखवले, असं त्यांना वाटलं होतं. मुलगी ऐकत राहिली, रडली आणि तिने फोन ठेवला. शाळेतल्या बाईंनी फोन उचललाच नाही; त्यांना माईंनी सगळं लिहून निरोप पाठवला.

त्या आल्या चार-पाच दिवसांनी, मागच्या दाराने, डोक्याला रुमाल बांधून. आत आल्या, पण बसल्या नाहीत.

"तुमचा निरोप मिळाला. मला वाटलं होतं, सूनबाई बोलल्या."

"मलाही तसंच वाटलं होतं," माई म्हणाल्या. "चूक माझ्या हातची होती. आणि तिला कुलूप लावून मी ती वाढवली."

बाई आरशासमोर बसल्या. रुमाल सोडायला त्यांनी बराच वेळ घेतला. "माप त्या घेतील," त्या म्हणाल्या.

सुनेने फीत घेतली. माई बाजूला उभ्या राहून मामाला आकडे सांगत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी बाजारातून परतताना समोरून बाईच आल्या. सासू-सून सरळ चालत राहिल्या. नमस्कार नाही, हसू नाही. फक्त माईंची नजर, सवयीप्रमाणे, डोळ्याच्या कोपऱ्यातून सुनेच्या चेहऱ्यावर गेली: ओळख दाखवते की काय?

सून समोरच बघत होती. ओठ न हलवता ती म्हणाली, "माई, बघू नका. लोकांना कळेल."