एकच मोरखी

हौशा बैल चोरीला गेला, तेव्हापासून सृष्टी धड जेवली नव्हती. वासरू असल्यापासून तिनंच त्याला वाढवलं होतं. आबांबरोबर जळकोटचं सगळं शिवार तिनं हुडकलं. "त्या चोराचे हात झडतील!" ती रडत म्हणाली, तेव्हा आबांनी तिचे डोळे पुसत "हाव, झडतील" म्हटलं होतं.

आज खांदेमळणी, उद्या पोळा. उरलेल्या पाखऱ्याच्या खांद्याला आबा हळद-लोणी चोळत होते.

"पिशवीतला साज आण गं."

आबांनी ती पिशवी बाजारातून आणली, तेव्हा दोन्ही बैल दावणीला होते. हौशानं तर ती हुंगलीसुद्धा होती. सृष्टीनं आत हात घातला. एक मोरखी, एक गोंडा, एक घुंगरमाळ. तिनं पिशवी उलटी करून झटकली. दावणीला जोडी असताना एकाच बैलाचा साज कोण घेतं?

ती मोरखी घेऊन आबांकडे गेली.

"रडू नको," आबा मान वर न करता म्हणाले. "उद्या परत हुडकू. सापडंल."

तिनं मोरखी त्यांच्या पुढ्यात फेकली.

"हुडकायचं कशाला, आबा? कोणाच्या दावणीला बांधून आलात, तेवढं सांगा."