मागे न बघता बसणारा

मी स्टूल बोलतोय. स्वयंपाकघरात माळ्यावरचा डबा काढायला लागतं ते नव्हे हं. बॉक्सिंगच्या रिंगमध्ये, कोपऱ्यात, दोन राउंडच्या मध्ये जेमतेम एक मिनिट ज्यावर बसतात, ते. माझ्यावर बसणारा गडी क्रूझरवेटचा विजेता होता. क्रूझरवेट म्हणजे नव्वद किलोच्या आसपासची मंडळी. अगदी अवजड पहिलवानांच्या एक पायरी खाली. बत्तीस लढती तो लढला आणि प्रत्येक लढतीतली विश्रांती त्याने माझ्यावरच घेतली. त्याचे ठोसे सगळ्या जगाने मोजले, भार मात्र मी एकट्याने सोसला. मेलं, कौतुक कधी बुडाखालच्या वस्तूचं होतं का!

मला घडवलं त्याच्या वडिलांनी. ते सुतार. पोराने बॉक्सिंग करावं हे त्यांना मुळीच पसंत नव्हतं. पोरगा लहानपणापासून आडदांड, म्हणून घरात त्याला हाक मारायचे ती "ओंडक्या" अशी. पहिल्या लढतीच्या आदल्या आठवड्यात त्याचा मामा कारखान्यात आला. मामा स्वतः जुना बॉक्सर, आता व्यायामशाळा चालवणारा, आणि ओंडक्याचा गुरू.

"दाजी, एक स्टूल करून द्या. तिथली स्टुलं डुगडुगतात," मामा म्हणाला.

सुताराने एका जुन्या दाराचं लाकूड काढलं आणि दोन दिवसांत मला उभं केलं. पण माझे पाय मुद्दाम बुटके ठेवले.

"इतकं खाली बसल्यावर उठायचा कंटाळा येईल," ते म्हणाले, "तेवढाच लवकर घरी येईल."

मामा हसला. व्यायामशाळेत गेल्यावर त्याने माझ्या चारही पायांना जाड रबरी बूट चढवले आणि मला तीन बोटं उंच केलं. बापाचा हट्ट आणि मामाचा हट्ट, दोन्ही माझ्याच पायांत.

मामाचा एक नियम होता. "घंटा झाली की कोपऱ्यात यायचं, समोरच्यावरची नजर हलवायची नाही आणि मागे न बघता बसायचं. मागे स्टूल असणं हे माझं काम." सरावातसुद्धा असंच. सुरुवातीला ओंडक्या चोरून मागे बघायचा. मग पाठीवर ओला टॉवेल बसायचा सपकन. महिन्याभरात सवय लागली. तो आला, वळला, की धाडकन बसला. मी नसतो तर जमिनीवर आपटला असता. पण मी नसतो असं झालंच नाही. मला मागून सरकवायचं आणि लगेच समोर जाऊन त्याचा चेहरा पुसायचा, ही मामाची चपळाई बघण्यासारखी होती.

पहिली लढत एका बाजारपेठेच्या छपराखाली झाली. ती दुसऱ्याच राउंडला संपली, मला एकदाच ऊब मिळाली. पुढे हॉल मोठे होत गेले, दिवे वाढले. आठवी लढत बरोबरीत सुटली, तेव्हा दोघे गाडीत तासभर पंचांना शिव्या घालत होते. अकरावी तो हरला, आणि दुसऱ्याच दिवशी पहाटे सरावाला आला.

चौदावी लढत मात्र घरात ठिणगी पाडून गेली. ओंडक्याची भुवई फुटली, रक्त थांबेना. मामाने रिंगमध्ये टॉवेल फेकून, म्हणजे हार कबूल करून, लढत थांबवली. ओंडक्या खवळला.

"मी उभा होतो, मामा! पडलो नव्हतो. माझी लढत तू हरलास."

चार दिवस अबोला. पाचव्या दिवशी मामाने शब्द दिला, "बरं बाबा, पुन्हा तुझ्यासाठी टॉवेल फेकणार नाही." मामाचा शब्द म्हणजे दगडावरची रेघ. त्यानंतर बरीच वर्षं ओंडक्या एकही लढत हरला नाही. बाविसावीत विजेतेपदाचा पट्टा कमरेला आला. त्या दिवशी मामाने पट्टा आधी माझ्यावर ठेवला आणि म्हणाला, "घे, तुझाही वाटा." खोटं कशाला बोलू, त्या क्षणी माझ्या जुन्या दाराचं सार्थक झालं.

मग एक दिवस सरावात काहीतरी वेगळं घडलं. ओंडक्या कोपऱ्यात आला, वळला, आणि बसण्याआधी त्याचा डावा हात मागे आला. त्याने मला चाचपलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. मला वाटलं, असेल दमलेला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मामा तोवर समोर गेलेला असायचा, त्याला मागचा हात दिसायचा नाही. मला दिसत होता, पण मला तोंड कुठे आहे?

त्याचा डावा डोळा अधू होत चालला होता. कडेला नुसता अंधार. आधी कोपऱ्याचे दोर नजरेच्या कडेला दिसायचे, त्यावरून बसायची जागा कळायची; आता कळेना. लढतीआधीच्या सगळ्या डॉक्टरी तपासण्या होऊन गेल्या होत्या आणि लढत तोंडावर होती. त्याने कुणालाच सांगितलं नाही.

ती बत्तिसावी लढत त्याच्या स्वतःच्या गावात होती. त्याच्या आईने नवऱ्याला अक्षरशः ढकलून पाठवलं. "मला बघवत नाही. पण तुम्ही तरी जा हो एकदा. बाप आहात ना?" म्हणून सुतारबाबा आयुष्यात पहिल्यांदा आले आणि आमच्या कोपऱ्याच्या मागे, पहिल्या रांगेत बसले. पोराला मार बसताना त्यांना बघवेना. मग राउंड चालू असला की ते मान खाली घालायचे आणि घंटा झाली की वर बघायचे. बघायचे ते मला. आपण केलेली वस्तू कशी चाललीय हे बघण्यात सुताराला काय जातं?

ओंडक्या जिंकत होता, अगदी सहज. पण पाचव्या राउंडनंतर त्याने मला चाचपलं. सहाव्यानंतरही. सातव्यानंतर हाताला मी लागलोच नाही. तो चार बोटं बाजूला बसला, माझ्या कडेवर, आणि मी कलंडता कलंडता राहिलो.

सुतारबाबा उठले. तडक कोपऱ्याच्या दोरापाशी आले.

"अरे, तो चाचपतोय. तीन वेळा झालं. आता चार बोटं चुकला."

"दाजी, बसा जाऊन," मामा वळून न बघता म्हणाला.

"माझा जन्म मोजमापात गेलाय. पोराला डाव्या बाजूचं दिसत नाहीये."

मामाने हातातला पाण्याचा स्पंज हळूच ओंडक्याच्या डाव्या कानाकडे नेला. डोळा हलला नाही. पुन्हा नेला. डोळा समोरच. मामाच्या मुठीत स्पंज पिळला गेला. पाणी माझ्यावर पडलं.

"मामा, टॉवेल नाही," ओंडक्या खालच्या आवाजात म्हणाला. त्याला सगळं कळलं होतं. "शब्द दिलायस तू. पाचच राउंड राहिलेत."

"नाही फेकत."

शिट्टी झाली. कोपरा रिकामा करायची वेळ. दर वेळी मामा मला झटकन ओढून घ्यायचा. या वेळी त्याने ओढलं नाही. तो गुडघ्यावर बसला आणि दोन्ही हातांनी ओंडक्याच्या मांड्या माझ्यावर दाबून धरल्या.

घंटा झाली. समोरचा मधोमध येऊन उभा राहिला. आमचा अजून माझ्यावरच.

"शब्द टॉवेलचा होता, बाळा," मामा रडत म्हणाला. "स्टूल मी काढत नाही."

नव्वद किलोचा गडी. एका झटक्यात मामाला उडवून उठला असता. मला त्याच्या मांड्यांत ताकद भरून आलेली कळली. मग ती हळूहळू ओसरली. पंचांनी हात हलवले. लढत संपली, पट्टा गेला.

डोळ्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, आणखी दोन ठोसे बसते तर डोळा गेलाच होता. डोळा वाचला, पण ओंडक्या मामाकडे फिरकला नाही. पाच महिने मी व्यायामशाळेच्या कोपऱ्यात धूळ खात पडलो. मामाही माझ्यावर बसेना. उभ्या उभ्या चहा प्यायचा आणि दाराकडे बघायचा.

परवा सकाळची गोष्ट. मामा ठोसे झेलायचे गादीदार पंजे धरून एका पोराचा सराव घेत होता. गुडघे आता कुरकुरतात त्याचे. सराव संपला, तो धापा टाकत, घाम पुसत पाठमोरा कोपऱ्याकडे येऊ लागला. तेवढ्यात मला कुणीतरी उचललं. ते हात मी हजारात ओळखले असते. अलगद, आवाज न करता, मला मामाच्या मागे टेकवलं गेलं.

मामा मागे न बघता धाडकन बसला.

मग तसाच, समोर भिंतीकडे बघत म्हणाला, "आलास, ओंडक्या?"

"कसं ओळखलंस?"

"मला न विचारता माझ्यामागे स्टूल ठेवणारा दुसरा कोण आहे मला?"

ओंडक्या खाली जमिनीवर बसला आणि त्याने डोकं मामाच्या गुडघ्याला टेकलं. मामाचं वजन काही फार नाही, पण त्या दिवशी मला ते पेलताना जड गेलं.

आता माझा एक पाय थोडा डुगडुगतो. सुतारबाबा म्हणतात, रविवारी येऊन पाचर मारतो. तेवढंच करा, बाबा. रबरी बूट मात्र काढू नका. आता मामाचे आणि तुमचे, दोघांचेही गुडघे दुखतात, उठायला बरं पडतं.