अंगठीचा सांधा

साबण झाला, खोबरेल तेल झालं, बोटाला दोरा गुंडाळून झाला. अंगठी पेरापर्यंत यायची आणि तिथंच अडून बसायची. रुद्रम्माचं बोट लालभडक झालं होतं.

"आता कापावीच लागंल, काकू," सिस्टर म्हणाली. "ऑपरेशनला अंगावर धातू चालत न्हाय. आत डॉक्टर थांबलेत."

रुद्रम्मानं नवऱ्याकडं, शंभुलिंगकडं, पाहिलं. मंगळसूत्र तिनं मघाशीच काढून राजेश्वरीच्या, लेकीच्या, हातात दिलं होतं. त्याच्या जागी गळ्यात हळदीचा दोरा बांधून घेतला होता, म्हणजे रीत पाळली गेली. अंगठीला अशी पळवाट नव्हती.

सिस्टरनं छोटा कटर आणला. पण तो लावला की रुद्रम्मा हात आखडून घ्यायची आणि सिस्टरचा हात कचरायचा. दोनदा असं झाल्यावर शंभुलिंग पुढं झाला.

"आणा इकडं. म्या करतो."

तुळजापूरच्या एसटी डेपोत उभा जन्म पाने-पकडी हाताळण्यात गेलेला माणूस. त्यानं कटरची पातळ पट्टी अलगद अंगठीखाली सरकवली आणि वरचं दातेरी चाक फिरवायला लागला.

"दुखतंय का?"

"न्हाय. तुमी करा."

सोनं जुनं, झिजलेलं. फार वेळ लागला नाही. बारीकसा आवाज झाला आणि अंगठी तुटली. शंभुलिंगनं ती फाकवून काढली, रुमालात बांधली. रुद्रम्माला आत नेताना ती एवढंच म्हणाली, "जोडून आणा. मी भाईर येईस्तोवर जोडून आणा."

"अप्पा, तुम्ही जावा," राजेश्वरी म्हणाली. "मी हाय इथं. बाजारात अण्णाराव पोतदारांचं दुकान हाय, म्हातारे स्वतः बसून काम करतात."

तो निघाला. दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना त्यानं खिशातला रुमाल दोनदा चाचपला.

ही अंगठी त्याच्या आईची, नागम्माची. तिच्या साखरपुड्यात तिला मिळालेली. एक दिवस घर सारवताना शेण लागू नये म्हणून तिनं ती काढून कोनाड्यात ठेवली आणि त्याच दुपारी निरोप आला, की विहिरीचं काम चाललं होतं, दरड ढासळली, नवरा खाली सापडला. शंभुलिंग तेव्हा शाळेतही जात नव्हता. नागम्मानं ती अंगठी पुन्हा कधी घातली नाही. सुनेसाठी जपून ठेवली आणि साखरपुड्याच्या दिवशी रुद्रम्माच्या बोटात सरकवताना सगळ्यांदेखत म्हणाली, "पोरी, ही उतरवू नको. ही उतरली की जोडा फुटतो."

शंभुलिंग एरवी देवऋषी, अंगारे-धुपारे यांना हसणारा माणूस. मांजर आडवं गेलं तर 'त्याला बी कामं असत्यात' म्हणायचा. पण आईच्या या बोलण्याला त्याला कधी हसता आलं नाही. आणि आज त्याच्याच हातानं ती कापली गेली होती. तीही बायको टेबलावर निजायला निघालेली असताना. पित्ताशयातले खडे काढायचे, रोजचं ऑपरेशन आहे, असं डॉक्टर म्हणाले होते. वडीलही त्या दिवशी रोजच्याच कामाला गेले होते.

अण्णाराव दुकानात एकटेच होते. त्यांनी रुमाल उघडला, अंगठी हातात घेऊन उलटीपालटी केली.

"जुनी हाय, पाव्हणं. घडण नामी, पर लई झिजलीया. आटवून नवी करू का?"

"न्हाय, न्हाय. हीच पायजे. नुसती जोडून द्या. जरा मोठी करा, बोट फुगलंय. आन् आत्ताच पायजे."

"आत्ता?"

"मालकीण ऑपरेशनला हाय. ती भाईर यायच्या आत."

अण्णारावांनी पुढं काही विचारलं नाही. हातातलं काम बाजूला सारलं, डोळ्याला भिंग लावलं आणि अंगठी उजेडाला धरली. धरली ती धरलीच. शंभुलिंग पुढं वाकला.

"काय झालं?"

"आदी कुणी कापली व्हती ही?"

"न्हाय. आजच कापलीया. म्याच कापली."

"आजचा काप ह्यो, इकडं. पर त्येच्या समोर बघा, खड्याच्या कडंला." अण्णारावांनी भिंग त्याच्या हातात दिलं. "तिथं जुना सांधा हाय. कापून परत जोडल्याली हाय. बरीच वर्सं झाली आसतील, घासून गुळगुळीत झालाय."

शंभुलिंगनं पाहिलं. त्याला सांधे कळत होते. लोखंडाचे असोत नाहीतर सोन्याचे. खड्याच्या कडेला केसासारखी रेघ होती, आजूबाजूच्या सोन्याहून किंचित फिकी.

आईनं कापली असेल? छे, आईची बोटं काटकीसारखी, तिला तर ही सैलच व्हायची. म्हणजे रुद्रम्मानंच. कधीतरी ही तिच्या बोटातून उतरली होती, कापली गेली होती, सोनाराकडं पडून होती. आणि आपल्याला पत्ता नव्हता. आपण त्या दिवशीही डेपोत गेलो असू, डबा खाल्ला असेल, घरी येऊन झोपलो असू. काही झालं नाही. त्यानंतर एवढा संसार झाला, लेकीचं लग्न झालं, नातवंडं झाली. काहीच झालं नाही.

तो दुकानातल्या बाकावर मटकन बसला.

"पाणी देऊ का?" अण्णारावांनी विचारलं.

"द्या," तो म्हणाला आणि एकदम हसला. "चा बी सांगा. दोघांला सांगा."

अण्णारावांनी फटीत सोन्याचा तुकडा बसवला, ज्योत पेटवली. सोनं तापून लाल व्हायला लागलं तेवढ्यात शंभुलिंगचा फोन वाजला.

"अप्पा, झालं! चांगलं झालं. डॉक्टर म्हणाले, काय काळजी न्हाय. अव्वा शुद्धीवर येतीया."

फोन कानाला तसाच धरून तो नुसता 'हं, हं' करत राहिला. अण्णारावांनी वर न बघता सांधा पुरा केला.

दुपार कलायला लागली तेव्हा रुद्रम्मा नीट बोलायला लागली. ओठ सुकले होते, आवाज खोल गेला होता. राजेश्वरी कापसानं तिचे ओठ ओले करत होती. शंभुलिंगनं कॉटजवळ स्टूल ओढलं आणि खिशातली डबी उघडून तिच्यापुढं धरली.

"आली व्हय जोडून?"

"आली. रुद्रम्मा, आदी कवा कापली व्हतीस ही?"

तिनं डोळे मिटले. तो थांबला. पुन्हा उघडले तेव्हा त्यात चोरी पकडली गेल्याचं हसू होतं.

"सोनारानं सांगितलं?"

"त्यानंच."

"हिच्या टायमाला," तिनं मानेनंच लेकीकडं दाखवलं. "सातवा महिना व्हता. अणदूरला माहेरी व्हते. हातपाय ह्ये आसे सुजले. बोट काळं पडाय लागलं तवा माझ्या सिद्धारामदादानं पकडीनं तोडली आन् अक्कलकोटच्या सोनाराकडं दिली."

"म्हंजे माझ्यापायी?" राजेश्वरी म्हणाली आणि तिघंही हसायला लागली. रुद्रम्माचा हात पोटावर गेला. "हसवू नगा, टाके दुखतात."

शंभुलिंगनं डबी मिटली आणि म्हणाला, "मला का न्हाय सांगितलंस?"

"तुमी गाडीखाली निजून काम करायचा. जॅकवर गाडी आन् खाली माणूस. मनात भ्या घेऊन गाडीखाली जायचं नसतंय."

"आन् तुला? तुला न्हाय भ्या वाटलं?"

"वाटलं की." ती थांबली, श्वास घेतला. "अंगठी यायला आठवडा लागला. तवर रोज दुपारी फाट्यावर जाऊन उभी ऱ्हायची, तुळजापूरच्या गाडीसाठनं. पोट ह्ये एवढं. कंडक्टरला इचारायची, डेपोत शंभुलिंग मेस्त्री कामावर हायत का? त्यो म्हणायचा, हायत, सकाळीच बघितलंय. मग घरी येऊन जेवायची."

राजेश्वरीचा कापूस धरलेला हात तसाच राहिला. शंभुलिंगनं मान खाली घातली. अणदूरच्या फाट्यावरचं ते ऊन त्याला दिसत होतं. त्या उन्हात उभी असलेली, धापा टाकणारी अवघडलेली पोर दिसत होती.

"घालू का?" जरा वेळानं त्यानं डबी पुढं केली.

"आत्ता नगं. सूज उतरू द्या. तुमच्याजवळच ठिवा." तिची पापणी जड झाली होती. "आता काय घाई हाय?"

ती झोपी गेली. तिचा सलाईन नसलेला हात चादरीबाहेर राहिला होता. सकाळच्या घाईत नीट बघितलं नव्हतं; लग्नानंतर पहिल्यांदाच त्यानं ते बोट असं मोकळं, निवांत पाहिलं. हात रापून काळवंडलेला आणि अंगठीच्या जागी तेवढं एक गोरं, खोलगट कडं, एका मुलीच्या कातडीसारखं मऊ. त्यावर अंगठा ठेवून तो बसून राहिला.