ने म्हणजे हो

नेईन

स्थळ बघायला आला तेव्हा स्वप्नील दोनच वाक्यं धड बोलला. पहिलं, चहात साखर कमी टाका. दुसरं, "मी हिला ग्रीसला नेईन."

दोंडाईचाच्या त्या बैठकीत 'नेईन' हा शब्द पडला आणि आत पोहे हलवणाऱ्या स्नेहलच्या हातातलं उलथनं जागीच थांबलं. ग्रीस कुठल्या अंगाला आहे हे तिच्या वडिलांना, पितांबरनानांना, माहीत नव्हतं. पण पोरगी मुंबई ओलांडून जाणार एवढं त्यांना कळलं, आणि तेवढ्यावर त्यांनी मान डोलावली.

विहारात लग्न झालं. पांढरी साडी नेसून स्नेहल धुळ्याला, देवपुरात, नांदायला आली. आणि सीझन तोंडावर आला म्हणून स्वप्नील एकटाच निघून गेला. तिकडं एका बेटावरच्या खानावळीत तो स्वयंपाकी होता. बेटावर उन्हाळाभर माणसांचा पूर, हिवाळ्यात सगळी दारं बंद. त्यामुळं थंडी पडली की स्वप्नील घरी यायचा, उन्हं तापायला लागली की जायचा. पाहुण्या पक्ष्यांसारखा. फक्त पक्षी बायको मागं ठेवून जात नाहीत.

नेतो

मग 'नेईन'चं 'नेतो' झालं. ही प्रगतीच म्हणायची.

"मालकाशी बोलतो, मग नेतो." "आईचं काहीतरी बघतो, मग नेतो."

आई म्हणजे द्रौपदाबाई. वाऱ्याचा झटका येऊन डावं अंग लुळं पडलेलं. काठी धरून मोरीपर्यंत जायच्या, तेही मागं स्नेहल उभी असली तर. पण सासू आडवी आली असं कुणी म्हणू नये. त्या स्वतःच म्हणायच्या, "जाय वं तू. मनं काय शे, मी ऱ्हासू एकली." एकटी राहणं त्यांना जमणार नाही हे दोघींनाही ठाऊक होतं, पण म्हणायच्या तरी.

यंदा दिवाळीत फोनवर तो म्हणाला, "या वेळी नेतोच."

त्या 'च'वर विश्वास टाकून स्नेहलनं शाळेतली नोकरी सोडली. शेजारच्या सुपडूआबांच्या सुनेशी बोलून ठेवलं, ती सकाळ-संध्याकाळ द्रौपदाबाईंचं करणार होती. पलंगाखाली बॅग भरून ठेवली. तिच्यात कपडे कमी आणि ज्वारीचे बिबडे, लाल मसाला, भाकरीसाठी ज्वारी-उडदाचं कळण्याचं पीठ जास्त. रात्री फोनवर ग्रीक शिकू लागली. पहिलाच शब्द आला: ने. अर्थ, हो.

ती एकटीच हसली. ज्या मुलखात 'ने' म्हणजेच 'हो', तिथं आपल्याला नाही कोण म्हणणार?

न्या

आता एक गोष्ट सांगून ठेवायला हवी. स्नेहल नवऱ्याला अहोजाहो करायची. शिकलेली होती, पण देवपुरातल्या त्या गल्लीत बायका अहोच म्हणतात. म्हणून इतक्या वर्षांत ती त्याला कधीच 'ने' म्हणाली नव्हती. "मला न्या ना." "यंदा न्या." 'न्या' म्हटलं की हात आपोआप जोडले जातात. न जोडताही.

ने

हिवाळा सरत आला. परत जायच्या आधीच्या रविवारी स्वप्नील म्हणाला, "आवर लवकर. आज तुला ग्रीसला नेतो."

आणि त्यानं तिला जळगावला नेलं.

मित्राची गाडी होती. पारोळा गेलं, एरंडोल गेलं. मेहरूण तलावाच्या अलीकडं एका गाळ्यासमोर गाडी थांबली. भिंती पांढऱ्या, दारं-खिडक्या निळ्याशार. निळा रंग उरला म्हणून की काय, समोरचा विजेचा खांबही कमरेपर्यंत निळा. वर पाटी, 'कालिमेरा'. ग्रीकमध्ये त्याचा अर्थ सुप्रभात, पण मेहरूणनं त्याचं कधीच 'काळी मिरी' करून टाकलं होतं.

"या भाभी, या! आखिर दर्शन झालं!" मालक अरशद. स्वप्नीलबरोबर बेटावरच्या त्याच खानावळीत होता, दोन हिवाळ्यांपूर्वी कायमचा परत आला. गल्ल्यावर त्याची बायको खुशनुमा. टेबलं मोजकी, छताला प्लास्टिकचा द्राक्षवेल.

अरशदनं हात मागं बांधून रोजचं भाषण म्हटलं, "आमच्याकडं एकच नियम आहे. हो म्हणायचं असेल तर म्हणायचं, ने. ने बोललं तरच वाढणार!"

शेजारच्या टेबलावरची पोरं केव्हाची ओरडत होती, "ने! ने!" आणि त्यांच्या ताटात बटाट्याचे काप पडत होते.

पहिल्यांदा वांग्याचं काहीतरी आलं. लसूण, लिंबू, वरून ऑलिव्हचं तेल. ग्रीक नाव लांबलचक होतं. स्नेहलनं पिटा रोटीच्या तुकड्यानं चाखलं.

"भरीत आहे हे."

"हळू बोला भाभी," अरशद डोळा मारत म्हणाला, "सगळं जळगाव हेच बोलतं. एक काका तर बोलले, अरे, हिरवी मिरची विसरलास काय! पण वांगं बामणोदचं आहे, आणि भाजलंय कपाशीच्या काड्यांवर. तिकडच्यांनी खाल्लं तर बोटं चाटतील."

स्वप्नील मात्र वेगळाच माणूस झाला होता. घरी पाण्याचा पेला न उचलणारा स्वप्नील इथं ताटल्या सरकवत होता, काट्यानं घास कसा उचलायचा ते दाखवत होता. "ही दह्याची. हे चीज मेंढीच्या दुधाचं. तिथं समोर समुद्र असतो बघ, टेबलापासून त्या खांबाइतक्या अंतरावर."

स्नेहलनं निळ्या खांबाकडं बघितलं. खांबाला टेकून एक कुत्रं झोपलं होतं.

तिनं विचारलं, "तिकिटं काढली का हो?"

"खा आधी. गार होईल."

भरीत गारच होतं.

तो अरशदबरोबर आत भटारखान्यात गेला तशी खुशनुमा गल्ल्यावरून उठून जवळ येऊन बसली.

"भाभी, सच सांगू? तुम्हाला बघायचं लई मनात होतं. तिथं तुमचं फार नाव."

"माझं? तिथं मला कोण ओळखतं?"

"सगळे! तिथल्या मालकिणीनं तर जोडप्याची खोली देऊ केली होती, आधी तुम्हाला. मागाहून आम्हाला मिळाली ती. दर सीझनला ती विचारायची, स्वप्नीलची बायको कधी येते? आणि स्वप्नीलभाई सांगायचे, ती येत नाही म्हणते. सासूला सोडून यायला तयारच नाही." खुशनुमानं तिच्या मनगटावर हात ठेवला. "मालकिणीच्या डोळ्यांत पाणी यायचं हो. म्हणायची, अशा सुना आता कुठं! मी तर यांना बोलले, आपल्याच्यानं नाही होणार बाबा एवढं."

स्नेहलच्या हातात पिटाचा तुकडा होता. तो तिनं ताटलीत ठेवला. ठेवताना नीट, काठाला लागणार नाही असा ठेवला.

म्हणजे समुद्रापलीकडं एक स्नेहल होती. ती नाही म्हणत होती. वर्षानुवर्षं, ठामपणे, लोकांच्या डोळ्यांत पाणी येईल अशी. आणि धुळ्यातली स्नेहल पलंगाखालची बॅग ओढून पुन्हा पुन्हा पिठाला जाळी धरली का ते बघत होती.

दोघं बाहेर आले. स्वप्नील बसला, आणि बायकोला नाही, अरशदला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "हे बघ स्नेहल, यंदाही जरा अवघडच दिसतंय. आईची तब्येत अशी. तू आहेस म्हणून मी तिकडं निर्धास्त असतो. अजून थोडी वर्षं. राहशील ना?"

अरशद उभा. खुशनुमा बसलेली. शेजारची पोरंसुद्धा मान वळवून बघत.

स्नेहल म्हणाली, "ने."

*अरशदनं ऐकलं ते असं:* ने. म्हणजे हो. राहीन. "वा भाभी, वा!" त्यानं टाळ्या वाजवल्या. पोरांनी पण वाजवल्या. त्यांना वाटलं, आता काहीतरी वाढणार.

*स्वप्नीलनं ऐकलं ते असं:* क्षणभर त्याचा चेहरा हलला. मग त्यानं दोन्हींतला सोयीचा अर्थ उचलला. त्याला कारणही होतं. ही आपल्याला 'ने' म्हणेलच कशी? म्हणायचं असतं तर 'न्या' म्हणाली असती. तेव्हा हे ग्रीकच. तो हसला. "बघ, शिकली पण! एका जेवणात ग्रीक शिकली!"

*ती म्हणाली ते असं:* अरे, मला ने.

मध सोडलेला, बदाम पेरलेला एक गोड पदार्थ आला. अरशदकडून, भाभीसाठी, भेट. तिनं तो खाल्ला. सगळे बघत होते म्हणून सगळा खाल्ला.

मग स्वप्नीलनं उष्ट्या ताटल्यांकडं बोट केलं आणि वाढप्याला म्हणाला, "ने रे हे."

वाढप्यानं ताटल्या उचलल्या आणि नेल्या. त्याला जराही अडलं नाही.

नेलं नाहीस

एरंडोलपर्यंत स्वप्नील शीळ घालत होता.

"मी मराठीत म्हणाले," स्नेहल म्हणाली.

"काय?"

"मघाशी. ने. मी मराठीत म्हणाले. तू मला ने, असं."

त्यानं गाडी कडेला घेतली. केळ्यांनी लादलेला एक ट्रक हॉर्न मारत शेजारून गेला. स्नेहल त्याच्या तोंडाकडं बघत राहिली. आता तो काहीतरी बोलेल. सापडलो म्हणेल, चुकलो म्हणेल, निदान खोटं बोलेल.

"तू मला अरेतुरे केलंस?"

तिला आधी कळलंच नाही.

"अरशदसमोर? त्याच्या बायकोसमोर? अरेतुरे?"

"त्यांना ते ग्रीक वाटलं," ती म्हणाली. "वाचलास."

"परत!"

"तिकडं काय सांगतोस माझ्याबद्दल? मी येत नाही म्हणते?"

"चांगलंच सांगतो ना! नाव काढलं तुझं तिथं. दुसऱ्यांचे नवरे काय काय सांगतात बायकांबद्दल, ऐकलंस तर कळेल. आणि त्याची परतफेड ही? मला 'तू'?"

बाकीचा रस्ताभर तो त्या एका शब्दावर बोलत राहिला. कोणी शिकवलं, माहेरी असंच चालतं का, शाळेत नोकरी करून हेच शिकली का. धुळ्यातला पांझरेचा पूल आला तरी तो 'तू'वरून खाली उतरला नव्हता. 'ने'पर्यंत तर पोचलाच नाही.

आईला ने

द्रौपदाबाई बाजेवर बसून वाटच बघत होत्या. सुपडूआबांच्या सुनेनं वेणी घालून दिली होती.

"काय ठरनं वं?" त्यांनी विचारलं.

स्नेहल आत गेली. पलंगाखालची बॅग ओढून बाहेर घेऊन आली आणि दारात उभी राहिली. स्वप्नील चपला काढत होता.

"मी उद्या दोंडाईचाला चालले," ती म्हणाली. "आणि तू आईला ने."

या खेपेला ग्रीक म्हणून खपण्याची सोय नव्हती. 'ने'च्या आधी 'आईला' होतं. तिला ते टोचायचं होतं त्यालाच. पण शब्द गेला भलत्या ठिकाणी.

"माले?" द्रौपदाबाई म्हणाल्या.

त्यांच्या धड बाजूचा गाल वर गेला. लुळी बाजू मागं राहिली, पण तीही ओढली जात होती. पोराकडं बघून त्या म्हणाल्या, "माले ग्रीसले लई जाशी का रे भाऊ? खरंच?"

स्वप्नीलच्या हातात एक चप्पल. त्यानं स्नेहलकडं बघितलं. मग आईकडं. मग चपलेकडं.

"नेईन की," तो म्हणाला. "का नाही? एवढा सीझन होऊ दे, मग बघू."

"देख वं," द्रौपदाबाई सुनेकडं वळल्या. "हो म्हनना तो." आणि काठी शोधायला लागल्या, जणू आत्ताच निघायचं होतं. "इमानमा बसनं की थंडी वाजस का वं?"

स्नेहलनं बॅगेची चेन उघडली. कपड्यांच्या खालून कळण्याच्या पिठाची पिशवी काढली आणि म्हातारीच्या धड हातात दिली.

"ठेवा जवळ," ती म्हणाली. "तिकडं मिळत नाही."