हळदीच्या बोटाचं रक्त

दादासाहेब पुतणीला घेऊन लॅबच्या पायरीवर चढले तेव्हाच डॉक्टर मनिषाच्या कपाळाला आठी पडली. बारामतीत रक्त तपासायला येणारे बहुतेक जण घाबरलेले असतात. हा माणूस घाईत होता.

"ताप हाय अंगात, दुसरं काय न्हाय," ते उभ्याउभ्याच म्हणाले. "तुमी तेवढं हो म्हना, मंजी आमी माघारी निघतो. उद्या दुपारी लगीन हाय."

"मी इथं हो म्हणायला बसलेली नाही," मनिषा म्हणाली.

पुतणी छकुली एकोणीस वर्षांची. सकाळी गावी, बावड्याला, हळद लागत असताना ती पाटावरून धाडकन आडवी झाली होती. गावातल्या डॉक्टरांनी रक्त पाहिलं, तर पांढऱ्या पेशी भलत्याच वाढलेल्या. त्यांनी तिला तशीच जीपमध्ये घालून बारामतीला पाठवली. पोरीचा बाप नव्हता, चुलताच कर्ता. घराणं पूर्वी मेंढरं वळणारं, आता ऊस, आणि ऊस आल्यापासून दादासाहेबांना थांबायची सवयच राहिली नव्हती.

पांढऱ्या पेशी इतक्या वाढल्या की मनिषासमोर दोनच शक्यता उरत. एकतर अंगात कुठंतरी जंतूंशी झुंज चाललेली, नाहीतर रक्ताचा कॅन्सर. झुंजणाऱ्या पेशींत फॉस्फटेज नावाचं द्रव्य ठासून भरलेलं असतं. त्या कॅन्सरच्या पेशींत ते जवळजवळ नसतंच. मनिषा काचेवर रक्ताचा पातळ थर ओढून त्यावर एक रसायन सोडायची. फॉस्फटेज असलं की ते रसायन तुटतं आणि मायक्रोस्कोपच्या खास दिव्याखाली पेशी हिरवीपिवळी चमकते. नसलं की अंधार. पेशी चमकल्या तर छकुलीला चार दिवसांच्या गोळ्या. अंधार निघाला तर पुण्याचं मोठं हॉस्पिटल आणि हाती असतील तेवढी वर्षं औषधं.

बाटलीत रक्त गोठू नये म्हणून जे औषध घालतात, त्यानं फॉस्फटेज निकामी होतं. म्हणून मनिषाचा टेक्निशियन इरफान यानं छकुलीला बाहेरच्या बाकावर बसवलं, तिच्या बोटाला स्पिरिट चोळलं, टोचलं आणि थेंब थेट काचांवर घेतला. काचा दोन केल्या. एकीवर रसायन, दुसरी कोरी, ताडून बघायला. कोरी काच चमकता कामा नये. ती चमकली तर पहिलीचं चमकणंही खोटं.

पहिली काच चमकली. पेशी न् पेशी चमकली. दादासाहेबांनी मनिषाला जवळजवळ खांद्यानं सारून भिंगाला डोळा लावला.

"चमकल्या की! झालं तर मग."

"थांबा, दुसरी काच बघायची राहिलीय," मनिषा म्हणाली, आणि नेमकी वीज गेली.

दुपारची वीज, ती जायचीच. कधी येईल ते देवालाही ठाऊक नाही. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग म्हणतात. इथं नवरा राहिला बाजूला, चुलताच बाशिंग बांधून निघाला. मनिषा मागून ओरडली, "अहो, हा रिपोर्ट नव्हे!" तोवर जीप सुरू झाली होती. मागच्या सीटवर छकुली डोकं टेकून बसली होती.

वीज आली तेव्हा उन्हं कलली होती. मनिषानं कोरी काच लावली. तीही चमकत होती, अगदी पहिलीसारखीच.

"मॅडम, अल्लाची शपथ, हिच्यावर रसायनाचा थेंबसुद्धा पडलेला नाही," इरफान म्हणाला.

मनिषानं काच काढून उजेडात धरली. तिला छकुलीची बोटं आठवली. नखांच्या कडेनं पिवळीजर्द. हळद! हळद त्या दिव्याखाली अशीच चमकते. आणि स्पिरिटनं ती निघत नाही, उलट त्यात विरघळून थेंबात उतरते.

"आपल्या घरांत काय लग्नं होत नाहीत?" ती इरफानवर खेकसली.

"माझ्या बहिणीला गेल्याच महिन्यात हळद लागली की, मॅडम," तो खाली मान घालून म्हणाला.

तिनं बावड्याला फोन लावला. दादासाहेबांनी ऐकून घेतलं आणि ते हसले. "सगळ्यास्नी सांगून झालंय, चमकलं म्हनून. आता हळदीचं काय काढलंय तुमी? लगीन हुं द्या, मग बघू." फोन आपटला गेला. मनिषानंही संतापून रिसीव्हर आपटला.

सकाळी ती इरफानला फियाटमध्ये घालून बावड्याला निघाली. मांडवात सनई कोकलत होती. दादासाहेब फेटा सावरत सामोरे आले.

"या, या! आता जेवूनच जायचं."

"मला पोरीचं रक्त पाहिजे."

"हळू बोला की. पाव्हणं बसल्यात."

"हळू? हळूच बोलत होते काल, तेव्हा तुम्ही ऐकलंत?" मनिषाचा आवाज सनईच्या वर गेला. "कालचं चमकणं हळदीचं होतं, खोटं होतं! पोरीला काय झालंय ते मला माहीत नाही, आणि तुम्हालाही नाही!"

सनई थांबली. खोलीच्या दारात छकुली उभी होती, मुंडावळ्या बांधलेली. मागं तिची आई कुशाबाई.

"काय झालंय मला?" छकुलीनं चुलत्याला विचारलं. "तात्या, तुमी तर ताप म्हनला हुता."

दादासाहेबांनी फेट्याचा शेमला चाचपला. मांडवातले पाहुणे एकमेकांकडं बघू लागले.

"आई, ह्या सोड," छकुली म्हणाली. कुशाबाईला गाठ सुटेना. छकुलीनं मुंडावळ्या हिसडून काढल्या आणि दादासाहेबांच्या हातात कोंबल्या. "धरा. नवरदेवाला काय सांगायचं ते तुमीच सांगा."

या वेळी लॅबमध्ये दंड साबणानं घासून शिरेतलं रक्त घेतलं. पहिला थेंब फेकून दिला. रसायन चांगलं आहे ना, हे कळावं म्हणून इरफाननं स्वतःच्या रक्ताचीही काच केली. त्याच्या पेशी मधूनमधून चमकत होत्या. मनिषानं छकुलीची काच लावली आणि बराच वेळ पाहत राहिली.

"मला बघू द्या," छकुली म्हणाली.

मनिषा उठली. छकुलीनं हिरव्या शालूचा पदर खोचला आणि भिंगाला डोळा लावला.

"मला काय बी दिसत न्हाय, बाई."

"मलाही नाही. नुसता अंधार."

छकुलीनं डोळा काढला नाही. सोबत आलेल्या कुशाबाईनं तिच्या पाठीवर हात ठेवला.

"ते हळदीनं चमकलं, व्हय?" छकुलीनं भिंगातूनच विचारलं.

"होय."

"मग काल मला का न्हाय इचारलं? तात्याचं सोडा, त्ये कुनालाच इचारत न्हाईत. तुमी तरी. मी हितं भायेर बाकावरच बसली हुती. हाताला हळद हाय का, एवढं इचारलं असतं तर धुवून आले असते."

मनिषाची नजर तिच्या पिवळ्या नखांवर गेली. कालपासूनचा सगळा राग तिनं दादासाहेबांच्या नावावर ठेवला होता. त्यातला अर्धा आता तिच्याच दारात येऊन उभा राहिला.

छकुलीनं स्टूल ओढलं आणि तिच्यासमोर बसली. "आता सांगा," ती म्हणाली. "पैलं मला सांगा."