एकही आठवडा वाया नाही

लिफ्ट तिसऱ्यांदा वर जाऊन खाली आली, तेव्हा काउंटरवरच्या मुलीला राहवेना. "मालक, काही हरवलंय का?"

"हरवलं नाही, सापडलंय," तो आतूनच म्हणाला. त्याचा कान लिफ्टच्या भिंतीला लागलेला होता. "दुसऱ्या मजल्यावर घासते बघा. आणि थांबते ती दोन बोटं खाली थांबते. एखादं म्हातारं माणूस अडखळून पडेल."

"तक्रार लिहून घेऊ का, मालक?"

"तक्रार कसली लिहिताय! दहा नंबरचा पाना आहे का?"

पाना नव्हता. लोक जिथे पाय पसरायला येतात तिथे पाना कोण ठेवणार? मुलीने हसून त्याला तळ्याकाठच्या आरामखुर्च्या दाखवल्या. तो जाऊन बसला, आणि चार मिनिटांत उठला. सोमवारपासून हेच चाललं होतं. खुर्चीत बसलं की अंग आंबायचं, उठलं की हात शिवशिवायचे, आणि पाय आपोआप लिफ्टकडे वळायचे. पस्तीस वर्षं त्याने लोकांच्या लिफ्ट दुरुस्त केल्या होत्या. सहा महिन्यांपूर्वी निवृत्त झाला, तर कंपनीने करारावर परत बोलावलं, आणि हा गडी दुसऱ्याच दिवशी डबा घेऊन हजर!

'मालक' मात्र त्याला गोड लागायचं. आयुष्यभर तो इमारतींत शिरला तो मागच्या दाराने. आणि इथे झाडूवाल्यापासून मॅनेजरपर्यंत सगळे मालक, मालक. तसा तो होताही मालक. बारा वर्षांपूर्वी त्याने घसघशीत रक्कम भरून या रिसॉर्टमधली दुसऱ्या मजल्यावरची चौदा नंबरची खोली घेतली होती. वर्षातून एका आठवड्यापुरती. बाकीच्या एक्कावन्न आठवड्यांचे एक्कावन्न मालक वेगळे. काटेकोर वाटणी केली असती तर त्याच्या पदरात एक उशी आणि नळाची अर्धी तोटी पडली असती. पण कागदावर मालक तो मालकच.

त्या कागदाची मुदत आता संपत होती. शुक्रवारी दुपारी बाराच्या आत सांगायचं होतं: आणखी बारा वर्षांसाठी सही करायची, की खोली परत करून मिळतील ते चार पैसे घेऊन मोकळं व्हायचं. आज गुरुवार.

खरं तर त्याचं मन कधीच ठरलं होतं. सही करायची. पण सकाळी नाश्त्याला शेजारच्या खोलीतला चष्मेवाला भेटला आणि त्याने डोक्यात किडा सोडला. हा चष्मेवाला कुणाचा मालक वगैरे नव्हता. फोनवर सूट दिसली, खोली घेतली, आला. त्याने आठवड्याचे किती दिले ते ऐकून लिफ्टवाल्याच्या घशात चहा अडकला. तेवढ्यापेक्षा जास्त तर तो दरवर्षी नुसता देखभालखर्च भरत होता!

खोलीत आला तो कागद-पेन्सिल घेऊनच बसला. बायको गॅलरीत पाय वर घेऊन तळ्याकडे बघत होती. घरी दिवसभर लोकांच्या पँटी आखूड करून, चेन बदलून तिची मान मोडायची. पण काम संपलं की तिला नुसतं बसता यायचं. ही कला त्याला काही केल्या जमली नव्हती.

"अगं, ऐकतेस का? आपण तोट्यात नाही," थोड्या वेळाने तो म्हणाला.

"असं?"

"तो चष्मेवाला काय सांगतो! त्याला मिळाली सूट एकदा. आपलं कसं, बांधलेलं. भरलेले सगळे पैसे, भागिले बारा आठवडे. थोडं महाग पडलं, कबूल. पण बारा म्हणजे बारा वापरले आपण. एकही आठवडा वाया घालवला नाही मी. हे असं कोण सांगू शकेल?"

बायको उठली. आत येऊन तिने टेबलाचा खण उघडला आणि जाड पुठ्ठ्याची एक वही काढली. खोलीत राहून गेलेल्यांनी दोन शब्द लिहावेत म्हणून रिसॉर्टने ठेवलेली. सोमवारपासून ती वही तिने दोनदा वाचून काढली होती. त्याला अशी वही आहे हेसुद्धा माहीत नव्हतं.

"वाचू?" ती म्हणाली. "आपल्याच आठवड्यातलं वाचते. हे तुमच्या साहेबांच्या बायकोचं: 'या गॅलरीतला सूर्योदय आम्ही जन्मात विसरणार नाही.' नंतर हे माझ्या नणंदेचं: 'मुलं पाण्यातून निघायला तयार नव्हती. दादामुळे हे दिवस बघायला मिळाले.' हे तुमच्या कामावरच्या जोडीदाराचं. नवीन लग्न झालं होतं ना त्याचं तेव्हा? त्याने काही लिहिलं नाही, नुसतं दोघांचं चित्र काढलंय. बरं काढलंय. साहेब परत एकदा. मग तो सोसायटीचा सेक्रेटरी, ज्याच्या बिल्डिंगचं कंत्राट तुम्हाला हवं होतं. मग..."

"कळलं."

"नऊ आहेत. आपण तीनदा आलो. त्यातल्या एकदा तुम्ही बुधवारी परत गेलात."

"अगं, पण मला सुट्टी नव्हती! कुठली ना कुठली लिफ्ट बंद पडायची. आपल्याला जमत नाही तर निदान कुणाच्या तरी उपयोगी पडू दे, म्हणून दिली. वाया तर गेले नाहीत ना?"

"तुमचे नाही गेले," ती म्हणाली.

एवढंच बोलून तिने वही खणात ठेवली. तो पेन्सिल धरून बसून राहिला. मांडलेलं गणित बरोबर होतं, एक आकडा चुकला नव्हता, आणि तरी कुणीतरी थोबाडीत मारल्यासारखं झालं होतं.

"मी या रिसॉर्टवाल्यांच्या गोड बोलण्याला भुलून हो म्हटलं असं वाटत होतं ना तुम्हाला?" ती पलंगावर बसत म्हणाली. "खोल्या खपवायला यांनी ठेवलेल्या त्या फुकटच्या जेवणाला आपण गेलो होतो. तो टायवाला पोपटासारखा बोलत होता, आणि तुम्ही मला टेबलाखालून पाय मारत होतात, की चल, उठ. आणि मी म्हटलं, घेऊ या."

"हो. मला तेव्हा नवल वाटलं. तू तर भाजी घेतानाही तीन दुकानं फिरतेस."

"मी त्याचं ऐकतच नव्हते. मी तुमच्याकडे बघत होते. म्हटलं, हा माणूस पैसे भरलेली वस्तू टाकत नाही. बिघडलेलं दूधसुद्धा पैसे दिलेत म्हणून पितो. मग याच्या सुट्टीचेच पैसे आधी भरून टाकले तर? झक मारत येईल! वर्षातले सात दिवस तरी माझ्या वाट्याला येईल." ती हसली, पण ते हसू काही खरं नव्हतं. "मला काय ठाऊक, तुम्ही भरलेलं ताट उचलून शेजारच्याला नेऊन द्याल आणि वर म्हणाल, बघ, अन्न वाया गेलं नाही!"

तो उठला, खिडकीची कडी उघडली, लावली, परत उघडली. कडी जरा सैल होती. आता तिला हात लावायचं मात्र त्याला धाडस झालं नाही.

"झालं ते झालं," अखेर तो म्हणाला. "आता मी मोकळा आहे. उद्या सही करू. बारा वर्षं, दरवर्षी, आपण दोघं. कुणालाही देणार नाही. शब्द देतो."

"नको. परत करून टाका."

"का? तुला जागा आवडते ना?"

"आवडते. पण असं बांधून आणलेला माणूस नको मला आता. जायचं तर मनात येईल तेव्हा जाऊ. तिकीट काढायचं नि निघायचं."

"मनात येईल तेव्हा?" तो अगदी खरं बोलला. "अगं, माझ्या मनात कधी येणारच नाही. मी काही आजचा ओळखतोय का स्वतःला? पैसे अडकल्याशिवाय माझा पाय निघत नाही घरातून. खोली सोडली की संपलं."

"ठाऊक आहे मला," ती म्हणाली. "मग मी एकटी जाईन."

रागाने म्हणाली असती तर बरं झालं असतं. राग कसा सोसायचा हे त्याला पस्तीस वर्षांत पाठ झालं होतं. पण ती उद्या दूध जास्त घ्या म्हणावं तशी म्हणाली, आणि पुन्हा गॅलरीत जाऊन बसली.

शुक्रवारी अकराला दोघं ऑफिसात गेली. मॅनेजरने परोपरीने सांगून पाहिलं, नवीन सवलत दाखवली, मालक विचार करा, मालक घाई नको. बायको खिडकीतून तळ्याकडे बघत बसली. याने मान खाली घालून पाच ठिकाणी सह्या केल्या. परत मिळालेल्या रकमेत एक बऱ्यापैकी कपाट आलं असतं. बाहेर आल्यावर दात काढल्यावर जीभ जशी त्या जागी पुन्हा पुन्हा जाते, तसा त्याचा हात रिकाम्या खिशाकडे जात होता. त्या खिशात सकाळपर्यंत मालकीचा कागद होता.

ती दोघं खोलीत पोचतात न पोचतात तोच फोन वाजला. कंपनीचे साहेब. बाजारपेठेतल्या जुन्या ऑफिस-इमारतीची लिफ्ट बंद पडली होती.

"आत कुणी अडकलंय का?" त्याने विचारलं.

"नाही हो. पण उद्या त्यांच्याकडे मोठे पाहुणे यायचेत आणि ती लिफ्ट तुमच्याशिवाय कुणाचं ऐकत नाही. गाडी पाठवतो. तासाभरात पोचेल. येताय ना?"

"येतो," तो म्हणाला.

तोंडातून गेला तो शब्द. विचार करून म्हणाला नव्हता. ठेच लागल्यावर 'आई गं' म्हणावं तसा तो गेला. फोन ठेवून मागे वळला तर बायको त्याची बॅग पलंगावर ठेवत होती.

"अगं, म्हणजे असं..."

"जा तुम्ही. मी राहते. रविवारपर्यंतचे पैसे भरलेत." तिने दोन शर्ट घडी करून आत घातले, वर दाढीचं सामान ठेवलं आणि चेन ओढली. "पोचलात की फोन करा."

दार बाहेरून ओढलं की आपोआप लागणारं होतं. चावी तिच्याकडे. तो जिन्याने खाली उतरला आणि फाटकाशी जाऊन उभा राहिला.

ऊन चढलं होतं. गाडी यायला अर्धा तास होता, आणि उभं राहून काय करायचं म्हणून त्याने जोडीदाराला फोन लावला. तो तिकडे त्या बंद लिफ्टपाशीच घाम पुसत उभा होता.

"बटण दाबलं तर काय करते?"

"काहीच नाही. मेल्यासारखी पडलीय. मोटार बघितली, फ्यूज बघितले..."

"मोटार ठेव बाजूला. तिसऱ्या मजल्यावर जा. बाहेरच्या दाराच्या कुलपात पितळेची एक पट्टी आहे. ती वाकते. मग दार उघडंच आहे असं लिफ्टला वाटतं आणि ती हलत नाही. बोटाने किंचित आत दाब. जोर लावू नको."

जोडीदार फोन हातात धरूनच जिना चढला. त्याची धाप ऐकू येत होती. मग धातूचा बारीकसा आवाज झाला आणि पाठोपाठ ती म्हातारी मोटार घुमायला लागली.

"आयला, चालू झाली!" जोडीदार ओरडला. "एवढंच होतं? दर वेळेला एवढंच असायचं?"

"बहुतेक वेळा," तो म्हणाला.

"मग सांगितलं का नाही कधी?"

याला उत्तर होतं, आणि ते त्याला चांगलं ठाऊक होतं. ती पट्टी त्याने कुणाला दाखवलीच नव्हती. दुरुस्ती करताना तो बाकीच्यांना चहा प्यायला पाठवायचा. तुमच्याशिवाय जमत नाही हो, हे ऐकायला त्याला आवडायचं. मालक म्हणवून घेण्यापेक्षाही जास्त आवडायचं. आणि त्या आवडीपायी तो दर वेळी सुट्टी मोडून धावत गेला, भर पावसात गेला, लेकीला ताप असताना गेला, त्या एका बुधवारी इथून गेला. फोनवर सगळं मिळून चार मिनिटं लागली होती.

त्याने साहेबांना कळवलं, गाडी परत बोलवा, लिफ्ट सुरू झाली. साहेब म्हणाले, "अरे वा, मग काय, आता फोनवरच भागेल!" आणि हसले. तोही हसला. त्या हसण्यात त्याची नोकरी संपली हे दोघांनाही कळलं असावं.

मग बॅग उचलून तो परत निघाला. तळ्याच्या बाजूने येताना त्याला चौदा नंबरची गॅलरी दिसली. कठड्याशी एकच खुर्ची होती, दुसरी तिने भिंतीला लावून ठेवली होती. ती पाय कठड्यावर टाकून, डोळे मिटून बसली होती आणि काहीतरी गुणगुणत होती. सूर लागत नव्हता. पण त्याची तिला पर्वा दिसली नाही. लग्नाला इतकी वर्षं झाली, ही गुणगुणते हे त्याला ठाऊक नव्हतं. तो खाली झाडाआड बराच वेळ उभा राहिला. आपण वर गेलो तर हे थांबेल, असं त्याला वाटत होतं.

शेवटी तो जिना चढून गेला. दाराशी बॅग खाली ठेवली, शर्टाची कॉलर नीट केली आणि आपल्याच खोलीच्या दारावर हळूच टकटक केली.

गुणगुणणं थांबलं. "कोण?"

आयुष्यभर बंद दारांमागून हा प्रश्न आला की तो 'लिफ्टवाला' म्हणत आला होता. आत्ताही तेच ओठांवर आलं. ते त्याने गिळलं.

"मी आहे," तो म्हणाला. "येऊ का आत?"

तो उभा राहिला. दाराला हात लावला नाही. बऱ्याच वेळाने गॅलरीच्या बाजूने फरशीवरून खुर्ची ओढल्याचा आवाज आला, आणि मग दाराकडे येणारी तिची पावलं.